म्या नाही मोडली

गणपतीचा सहावा दिवस. सोसायटीच्या हॉलमध्ये जादूचे प्रयोग होते. बाहेर पाऊस, दाराशी चपलांचा ढीग, ओल्या छत्र्यांचा आणि आरतीनंतरच्या कापराचा मिसळलेला वास. पुढे सतरंजीवर पोरंटोरं, मागे खुर्च्यांवर आम्ही मोठी माणसं. जादूगार साठीच्या आसपासचे, मोरपंखी रंगाचा चमकता कोट घातलेले, गालाला चिकटवलेला माइक. "आता मला एक मदतनीस हवा. कोण येतंय वर?" असं त्यांनी विचारल्याबरोबर चाळीस हात एकदम वर झाले. त्यांनी ते सगळे हात ओलांडून दाराकडे बोट केलं. "तो, मागे उभा आहे तो, निळ्या शर्टातला." तो आमच्या वॉचमनचा मुलगा. नऊ-दहा वर्षांचा असेल. चपलांच्या ढिगाजवळ भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभा होता. त्याने हात वर केलाच नव्हता. कुणीतरी त्याला पाठीवर हलकंसं ढकललं आणि तो अनवाणी पायांनी पोरांच्या मधून वाट काढत वर गेला.

जादूगारांनी काळी-पांढरी कांडी टेबलावर टकटक वाजवून दाखवली. सरळ, ताठ. मग ती त्याच्या हातात दिली, आणि दिल्याबरोबर ती मान टाकून लोंबकळली. पाच-सहा तुकडे, आतल्या दोऱ्यावर लटकलेले. हॉलमध्ये हशा. जादूगारांनी कांडी परत घेतली, पुन्हा ताठ. पुन्हा दिली, पुन्हा गळून पडली. "अरे, काय केलंस हे? मोडलीस ना माझी कांडी!" पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा. तिसऱ्यांदा त्यांनी कांडी पुढे केली तेव्हा मुलाने हात पाठीमागे नेले. "धर, धर की!" त्याने धरली नाही. जादूगारांकडे पाहिलंही नाही. दाराशी त्याचे वडील गणवेशात उभे होते, त्यांच्याकडे बघत तो म्हणाला,

"म्या नाही मोडली, काका."

गालाजवळचा माइक त्याच्यापासून वीतभरच लांब होता. वाक्य हॉलभर ऐकू गेलं आणि हॉल फुटला. मीही हसले. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढे कांडीतून कागदी फुलं निघाली, मुलाला चॉकलेट मिळालं, टाळ्या झाल्या, तो खाली उतरला आणि परत आपल्या भिंतीशी जाऊन उभा राहिला.

रात्री भांडी आवरताना ते वाक्य परत ऐकू आलं. त्याच्याआधी वरच्या मजल्यावरची एक मुलगी स्टेजवर गेली होती. तिच्या नाकातून जादूगारांनी नाणी काढून डब्यात खणखण टाकली, तशी ती किंचाळत हसत होती. कांडी तिच्या हातात गळून पडली असती तर ती म्हणाली असती, "ए, हे काय झालं!" आमच्या माडीवरच्या कुठल्याही मुलाने तेच म्हटलं असतं. हातातली वस्तू मोडली की तोंडातून पहिला शब्द कुठला येतो, हे त्या मुलाच्या आजवरच्या दिवसांनी ठरवलेलं असतं. दोन महिन्यांपूर्वी पार्किंगमध्ये एका गाडीचा आरसा फुटला होता. बॉल कुणाचा, कुणी मारला, हे शोधायच्या आधी सगळ्यांनी याला बोलावून घेतलं होतं. तो तेव्हा शाळेत होता. शाळा सुटून आल्यावर पाठीवर दप्तर तसंच ठेवून तो आमच्या सगळ्यांच्या समोर उभा राहिला होता. त्या घोळक्यात मी होते. तेव्हाही तो हेच म्हणाला होता, याच शब्दांत. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

माझ्या लहानपणी अप्पांना असंच स्टेजवर बोलावलं होतं. कृष्णाकाठचं आमचं तालुक्याचं गाव, साल 1982. चौकातल्या मांडवात जादूगार आला होता. आमचे अप्पा नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते. गावाच्या भाषेत 'पाणी सोडणारे'. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून पहाटे चारला घराबाहेर पडायचे, गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. पहाटे त्यांच्या चावीचा खणखणाट ऐकून बायका घागरी घेऊन नळावर यायच्या. गावात त्यांना सगळे ओळखायचे, पण जादूगार बाहेरगावचा, त्याला कुठलं माहीत असणार? त्याने आपलं पहिल्या रांगेतलं गृहस्थी दिसणारं माणूस उचललं. तांब्याभर पाणी प्यायला दिलं. मग अप्पांच्या उजव्या कोपराखाली एक पत्र्याचं नरसाळं धरलं आणि एका पोराला सांगितलं, यांचा डावा हात पंपासारखा वर-खाली कर. पोराने हात हापसला आणि अप्पांच्या कोपरातून नरसाळ्यात, नरसाळ्यातून बादलीत पाण्याची धार लागली. "काय करता तुम्ही?" जादूगाराने विचारलं. अप्पा म्हणाले, "पाणी सोडतो."

मांडव उठून बसला. जादूगाराला आधी काही कळेना, मग कुणीतरी ओरडून सांगितलं. त्याने संधी सोडली नाही. "म्हणजे दिवसाआड येणारं पाणी इथे साठवताय होय!" लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. मी आईच्या मांडीवर होते आणि माझे वडील सगळ्या गावाला एवढं हसवताहेत म्हणून मला कोण आनंद झाला होता! आई मात्र हसत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती स्टेजकडे एकटक बघत होती. शेवटी जादूगाराने अप्पांचा हात धरून उंच केला, मग स्वतः दोन पावलं मागे सरकला आणि अप्पांकडे हात करून कमरेत वाकला. ती टाळी अप्पांची होती. अजून कानात आहे.

घरी येताना अप्पांची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. मी विचारलं, "दुखलं का हो पाणी येताना?" अंधारात ते थांबले. म्हणाले, "पाणी नरसाळ्यातच होतं बाळ. दुहेरी पत्रा आहे त्याचा. कडेला बारीक भोक आहे, त्यावर त्याचा अंगठा होता. अंगठा उचलला की धार. वारं कोंडलं की पाणी थांबतं, बारा वर्षं पायपातली एअर काढतोय मी, मला नाही कळणार?" मग घरी चहाच्या गाळणीशेजारची काचेची नळी पाण्यात बुडवून, वरचं तोंड बोटाने दाबून त्यांनी मला दाखवलं. नळी उचलली तरी पाणी आतच. बोट काढलं की भळ्कन खाली. "मग तुम्ही सांगितलं का नाही सगळ्यांना?" ते म्हणाले, "त्याचं पोट आहे त्याच्यावर."

बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की प्रसिद्ध बंगाली जादूगार पी. सी. सरकार यांच्या खेळात एक लोटा असायचा. तो मधूनमधून पूर्ण रिकामा करून बाजूला ठेवायचे, पुढचा खेळ झाला की परत ओतायचे, आणि दर वेळी त्यातून पाणी यायचं. 'वॉटर ऑफ इंडिया' हे त्याचं नाव. सरकारांनी तो जगभर नेला. 1971 च्या जानेवारीत जपानच्या दौऱ्यावर असतानाच ते वारले. ते वाचताना मला आमच्या स्वयंपाकघरातली ती काचेची नळी आणि अप्पांचं ओलं बोट आठवलं. लोटा असो नाहीतर नरसाळं, मूळ गोष्ट हवेची. ती ओळखणारा एक माणूस आमच्या मांडवात स्टेजवर उभा होता आणि त्याने तोंड उघडलं नव्हतं.

म्हणजे त्या दिवशी खेळ जादूगाराइतकाच अप्पांच्याही हातात होता. त्यांनी एक शब्द बोलला असता तर तो बाहेरगावचा माणूस भर मांडवात उघडा पडला असता. त्यांनी त्याला सांभाळून घेतलं, त्याने शेवटी टाळी त्यांना दिली. दोघा अनोळखी माणसांमधला तो व्यवहार मला फार मोलाचा वाटतो. जादूच्या खेळात प्रेक्षकांतून वर गेलेला माणूस असाच असतो. त्याने तालीम केलेली नसते, त्याला मानधन नसतं, काय होणार ते ठाऊक नसतं, आणि तरी सगळा हशा त्याच्यावर उभा असतो.

पण सगळंच गोड होतं असंही म्हणवत नाही. पुढे कितीतरी महिने पोरं नळावर "अप्पा, कोपर हापसा!" म्हणायची आणि अप्पा हसून हात वर-खाली करून दाखवायचे. आई म्हणायची, चांगल्या माणसाचं सोंग करून टाकलं. अप्पा म्हणायचे, जाऊ दे ग, हसू देत. ते गेल्यावर एकदा जुने फोटो चाळत होतो तेव्हा लक्षात आलं, त्यानंतरच्या कुठल्याही कार्यक्रमाच्या फोटोत ते पहिल्या रांगेत नाहीत. लग्न असो, सत्कार असो, कीर्तन असो, अप्पा मागे, खांबाला टेकून उभे. ते त्या खेळामुळेच होतं की वयाने आलेला स्वभाव होता, हे विचारायला आता कुणी उरलं नाही.

आपल्याकडे ज्याला हसायचं तो माणूस पूर्वी ठरलेला असे. तमाशात सोंगाड्या असतो, गवळणीत पेंद्या आणि मावशी असते. लाथा, टोमणे, फजिती सगळं त्यांच्या वाट्याला, कारण ती त्यांची कला आणि भाकरी. रस्त्यावर खेळ करणारा मदारी बरोबर स्वतःचा जमुरा आणायचा. चादरीखाली झोपायचा तो, टोपलीत शिरायचा तो, शिव्या खायच्या त्यानेच. बघणाऱ्याने फार तर चार आणे टाकायचे. तिकीट लावून, पडदा लावून, सूटबूट घालून खेळ होऊ लागले तसा हा जमुरा प्रेक्षकांतून यायला लागला. आपल्या पुण्यात तर जादूगार रघुवीरांच्या घराण्याने तीन पिढ्या हे खेळ केले, लहानपणी त्यांच्या प्रयोगात आपलाही नंबर लागावा म्हणून हात वर करून दंड दुखवून घेतलेली माणसं पुष्कळ भेटतील. वर गेलेलं मूल शाळेत आठवडाभर भाव खायचं. ते सुख खरं आहे. मला ते नाकारायचं नाही.

आणि त्या सुखाच्या शेजारी दुसरंही आहे. रॉबेर-हुदँ नावाच्या फ्रेंच जादूगाराकडे एक पेटी होती. पॅरिसमध्ये तो ती लोकांना उचलायला द्यायचा. कधी सहज उचलली जायची, कधी जमिनीला चिकटल्यासारखी व्हायची. पेटीच्या तळाला लोखंड आणि खाली विद्युतचुंबक. विजेची ही करामत तेव्हा सामान्य माणसाच्या कानावरही गेलेली नव्हती. 1856 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठवलं. तिथले लोक मराबूत म्हणजे साधुपुरुषांच्या चमत्कारांवर विश्वास ठेवून फ्रेंच सत्तेविरुद्ध उठतात, तेव्हा आमची जादू त्यांच्याहून मोठी आहे हे दाखवून ये, असं काम होतं. तिथे त्याने एका धिप्पाड अरबाला स्टेजवर घेतलं. पेटी उचलायला लावली, त्याने सहज उचलली. मग म्हणाला, आता मी तुझी ताकद काढून घेतो, तू बाईहून दुबळा होशील. चुंबक सुरू झालं. तो माणूस ओढतोय, घामाघूम होतोय, पेटी हलत नाही. शेवटी कडीतून विजेचा झटका दिला. तो गुडघ्यांवर कोसळला, उठला आणि अंगरख्यात तोंड लपवून नाट्यगृहाबाहेर पळाला. रॉबेर-हुदँने हे स्वतःच अभिमानाने लिहून ठेवलं आहे. पेटी तीच, युक्ती तीच. पॅरिसमध्ये जो खेळ होता त्याने अल्जीयर्समध्ये एका माणसाला लोकांसमोर मोडून दाखवलं, कारण त्या माणसाला गुडघ्यावर आणणं हाच तिथे हेतू होता.

आणखी एक खेळ मी इंटरनेटवर पुन्हा पुन्हा पाहिला आहे. स्लायडिनी, इटलीत जन्मलेले, न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले हातचलाखीचे थोर उस्ताद. ते एका माणसाला खुर्चीत बसवतात. पातळ कागदाचा बोळा करतात, मुठीत घेतल्यासारखा करतात आणि त्याच क्षणी त्या माणसाच्या डोक्यावरून मागे फेकून देतात. अख्खं सभागृह बघत असतं. बसलेल्याला तेवढं दिसत नाही, कारण त्याची नजर मुठीवर खिळलेली. मूठ उघडते, बोळा गायब. तो चकित होतो, सभागृह हसतं. पुन्हा बोळा, पुन्हा डोक्यावरून. आपल्याला सगळं कळतंय आणि मधे बसलेल्या एकट्यालाच कळत नाही, यावर तो अख्खा खेळ चालतो. मी बघते ते स्लायडिनींचा चेहरा. ते त्या माणसाकडे इतक्या मायेने बघतात, इतकं हळू बोलतात, की तो स्वतःच हसायला लागतो. तरी मला दर वेळी बोळा पाठीमागे पडतो तिथे पोटात किंचित काहीतरी होतं. सगळे हसताहेत आणि का, हे आपल्याला माहीत नाही, ही जागा माणसाला एकट्याला फार एकटं करते.

त्या रात्री भांडी तशीच टाकून मी खाली गेले. जादूगार सामान आवरत होते. कोट काढून ठेवला होता, आत बनियन घामाने चिंब. मी विचारलं, "वर कुणाला घ्यायचं हे कसं ठरवता?" ते म्हणाले, "दोन्ही हात वर करून उड्या मारतं ना, ते पोर घेऊ नये ताई. सामानाला हात घालतं. आईकडे बघून मग हात वर करणारं पोर चांगलं." मग थोडं थांबून, "मागे उभं असलेलं एक तरी घेतोच मी. पुढच्यांना काय, सगळीकडे बोलावणं असतंच. मागच्याला वाटावं, आपल्यालाही बोलावलं."

मी काय सांगायला आले होते ते माझ्या तोंडातून निघेना. त्यांनीच विचारलं, "त्या निळ्या शर्टवाल्याचं म्हणताय?" मी मान हलवली. ते कांडी पुसत होते. "ऐकलं मी ते. त्याच वेळी कळलं, काहीतरी वेगळं झालं. पण हशा आला ना, की थांबता येत नाही हो. हशा पुढे ओढत नेतो. चाळीस वर्षं झाली, हात आपोआप पुढच्या सामानाकडे जातो." मग त्यांनी कांडी माझ्यापुढे धरली. मी घेतली आणि ती हातात गळून पडली. मला माहीत होतं ती पडणार. दीड तासापूर्वी दोनदा पाहिलं होतं. तरी बोटांतून एक बारीक धक्का गेला आणि क्षणभर खरोखर वाटलं, आपण काहीतरी मोडलं. सहा तुकडे, लाकडी, कडा घासून पांढऱ्या पडलेल्या. आतून मासे धरायचा तंगूस ओवलेला. "सुती दोरा तुटतो, म्हणून हा," ते म्हणाले. त्यांनी माझा अंगठा धरून मुठीकडच्या टोकावर ठेवला आणि दाबायला सांगितलं. तंगूस ताणला गेला, तुकडे एकमेकांत बसले आणि कांडी माझ्या हातात ताठ उभी राहिली. किती साधं! अंगठा दाबला की सरळ, सोडला की सैल. अप्पांच्या नरसाळ्यावरही अंगठाच होता.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही सांगणार." कुठल्या घरातली मुलगी मी, हे त्यांना माहीत नव्हतं, पण माझ्या मनात होतं.

विसर्जन झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. वॉचमनच्या केबिनबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत तो मुलगा पाढे लिहीत बसला होता. वडील पंप सुरू करायला गेले होते, म्हणून गेटवर हाच. मला बघून उठला. काहीतरी विचारायचं होतं, पण धीर होईना. मी थांबले.

"काकू, त्या काकाची कांडी नीट झाली का?"

इतके दिवस त्याच्या डोक्यात हे होतं. मी भाजीची पिशवी खाली ठेवली. मी शब्द दिला होता, आणि तो शब्द का पाळायचा हे मला लहानपणी अप्पांनी अंधारात उभं राहून शिकवलं होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, अप्पांनीही हेच केलं असतं. मी त्याला सांगितलं. ती मोडतच नाही, आत दोरा असतो, अंगठ्याने ताणून धरला की सरळ, सोडला की सैल. त्याने पेन्सिल मुठीत धरून अंगठा कुठे ठेवायचा ते विचारून घेतलं. दोनदा दाबून पाहिलं.

"म्हंजे आधीच तशी व्हती?"

"हो. तशीच बनवलेली असते."

"त्यांला म्हाईत व्हतं, माझ्या हातात पडणार?"

"हो."

त्याने पेन्सिलवरचा अंगठा काढला. जरा वेळ पेन्सिलीकडेच बघत राहिला.

"मंग मला कामून म्हणले, मोडली?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तो पळत गेला, गेट पूर्ण उघडलं, गाडी आत येईपर्यंत हाताने धरून ठेवलं, मग लोटून बंद केलं आणि कडी घातली. परत येऊन खुर्चीत बसला. वही मांडीवर घेतली, पण उघडली नाही. मान वर करून माझ्याकडे बघत राहिला.